पावती कुठे ठेवलीय?

पेटीचं बरं असतं. भाता हलवा, पट्टी दाबा, आवाज हजर. दाबणाऱ्याला सूर कळतो की नाही, हे पेटी विचारत नाही. तबल्यावर लहान पोरानं हात मारला तरी काहीतरी वाजतंच. व्हायोलिन मात्र पहिल्या दिवशी साधी ओळखसुद्धा देत नाही.

आमचं नवंकोरं व्हायोलिन नगरच्या सावेडीतल्या घरी आलं. मी मांडी घालून बसलो, गज तारांवर ओढला आणि काहीच झालं नाही. बेसूर नाही, कर्कश नाही, काहीच नाही. शेजाऱ्यांनी कानात बोटं घालायची तयारी ठेवली होती, तीही फुकट गेली. मग घरात निदानं सुरू झाली. मेहुण्यांच्या मते तारा ढिल्या होत्या. आईच्या मते अमावास्येला नवी वस्तू घरात आणायचीच नसते. सौ.नं फक्त पावती कुठे ठेवलीय ते विचारलं.

रोग भलताच निघाला. गजाचे केस घोड्याच्या शेपटीचे असतात आणि कोरे केस तारेवरून नुसते घसरतात. त्यांना राळ लावावी लागते. पाइनच्या चिकापासून केलेली तिची वडी व्हायोलिनच्या पेटीच्या कप्प्यातच होती. भाच्यानं ती एव्हाना चाटूनही पाहिली होती. पण नवी वडीही इतकी गुळगुळीत, की तिलाच आधी पॉलिशपेपरनं खरवडावं लागलं. राळ लागली की केस तारेला धरून ओढत नेतो, ताण वाढला की तार निसटते, लगेच पुन्हा चिकटते. 'ए' ही तार पाश्चात्त्य प्रमाण सुरात लावली, तर हे चिकटणं-सुटणं सेकंदाला ४४० वेळा चालतं! एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं तारेची ही हालचाल खास सूक्ष्मदर्शकातून पाहिली. त्याचे शेजारी काय म्हणाले, ते कुणी लिहून ठेवलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

नगर तसं रणगाड्यांचं गाव. घोडदळानं घोडे सोडून रणगाडे धरले, तो इतिहास इथल्या संग्रहालयात ओळीनं उभा आहे. अशा गावात मी निवृत्तीनंतर घोड्याचं शेपूट हातात धरलं, हे मेहुण्यांनी प्रत्येक पाहुण्याला सांगितलं.

तर राळ चोपडून मी पुन्हा गज ओढला. तारकपूर स्टँडात शिरताना एसटी ब्रेक मारते, तसा आवाज घरभर घुमला. मला झालेला आनंद शब्दांत मावणारा नव्हता. तेवढ्यात आतून हाक आली, "अहो, सापडली पावती!"

याच जिल्ह्यातल्या हरेगावात १९३२ साली प्रभाकर जोगांचा जन्म झाला, हे मी घरच्यांना त्या दिवशी मुद्दाम ऐकवलं. बाबूजींच्या गीतरामायणाला ज्यांच्या व्हायोलिनची साथ होती, तेच जोग. 'गाणारं व्हायोलिन' ही त्यांची ओळख. गाण्यातले शब्दसुद्धा त्यांच्या गजातून ऐकू यायचे, असं जुनी माणसं सांगतात आणि मला ते पटतं. सतारीला निदान पडदे असतात, इथे बोटाला कसलाच आधार नाही, ते केसभर सरकलं की सूर गेला. त्या निसरड्या पट्टीवर काना-मात्रा उमटवायच्या म्हणजे काय हे मला आत्ता कुठे कळायला लागलंय. शब्द माझ्याही व्हायोलिनमुळे ऐकू येतात, पण ते शेजाऱ्यांच्या तोंडून.

रोज आधी मी जोगांची ध्वनिमुद्रिका लावतो आणि मग स्वतः बसतो. हा क्रम उलटा करावा, म्हणजे निदान शेवट गोड होईल, अशी घरातून सूचना आहे. ती विचाराधीन आहे.

शेजारचे नाना मात्र समंजस. कधी तक्रार नाही. परवा चपला घालून दारात आले.

"आज किती वेळ बसणार?"

"अर्धा तास."

"मग भिस्तबागपर्यंत जाऊन येतो. पुढे-मागे वाढवणार असाल, तर आधी सांगा बरं का. गुडघ्यांचं डॉक्टरांना विचारून घेतो."