पंगत कापायची नाही

तुमच्याही गावात एक कोडेक अण्णा असणारच. आमचे धाराशिवात आहेत. एके काळी लग्नाची शूटिंग करायचे. खांद्यावर व्हीएचएस कॅमेरा, मागे हॅलोजन धरलेला पोऱ्या आणि त्याच्या मागे वायर सांभाळणारा दुसरा पोऱ्या. आता जुन्या कॅसेटी, सीड्या कन्व्हर्ट करून देतात. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस जवळ आला की माळ्यावरची कॅसेट खाली येते आणि अण्णांकडे जाते. घेऊन जाणाऱ्याला वाटतं, दहा मिनिटांचं काम आहे. कुणी आधीच कन्व्हर्ट केलेलं पेन ड्राइव्हवर आणतं.

"अण्णा, पेन ड्राइव्हवर लग्न हाय. टीव्ही म्हणतोय, फाइल चालत न्हाई."

"आत काय हाय?"

"लग्न."

"तसं न्हवं. कोडेक कुठला हाय?"

इथून पुढे सुटका नाही. अण्णा टेबलावरचा कुंथलगिरीच्या पेढ्याचा बॉक्स उचलतात. "ह्यात काय हाय?" आपण म्हणायचं, पेढे. मग ते झाकण काढतात. आत स्क्रू, दोन फ्यूज आणि व्हीसीआरचा रबरी पट्टा. "एव्हीआय, एमपीफोर, एमकेव्ही, हे समदे बॉक्स. आत डिव्हएक्स हाय का एच टू सिक्स फोर, त्यो कोडेक टीव्हीला कळाय पाहिजे. कळंना झालं की टीव्ही बसतो गप." हे प्रवचन अख्ख्या गल्लीला पाठ आहे. त्या बॉक्सात पेढा मात्र आजवर कुणी पाहिलेला नाही.

एवढ्यावर थांबले असते तर माझी तक्रार नव्हती. पण अण्णांना जगात सगळीकडे बॉक्सच दिसतात. हॉटेलात चहा आला की विचारणार, "आत काय हाय?" भाचीला स्थळ आलं, मुलगा पुण्यात, फ्लॅट, गाडी. पाहुण्यांसमोरच अण्णा म्हणाले, "हा बॉक्स झाला. आत काय हाय?" पाहुणे पोहे अर्धे टाकून उठले. एका पुढाऱ्यानं पक्ष बदलला, तेव्हा गल्ली पेपर वाचत चर्चा करत होती. अण्णांनी मान वर न करता निकाल दिला, "एक्स्टेन्शन बदललंय. फाइल तीच." २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. शेजाऱ्यानं विचारलं, दुकानाची पाटी कधी बदलणार? "बदलतो की. पर रिनेम झालंय, कन्व्हर्ट व्हायचंय अजून." असं म्हणून त्यांनी रस्त्यातल्या खड्ड्याकडे बोट केलं.

अण्णांचा खरा दावा आहे तो व्हीसीडीशी. वीसेक वर्षांमागे लोकांनी हौसेनं कॅसेटी सीडीवर उतरवल्या आणि कॅसेटी भंगारात घातल्या. एका सीडीवर जेमतेम ऐंशी मिनिटं मावायची, म्हणून तीन तासांच्या लग्नाच्या तीन सीड्या. त्यातली वरातीची हमखास हरवलेली. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. तेवढ्यात बसवायला बारीकसारीक तपशील फेकून दिलेला. त्याच सीडीवरून कुणी डीव्हीडी केली, कुणी स्टँडजवळच्या दुकानात मोबाइलसाठी १७६ बाय १४४ची थ्रीजीपी करून घेतली, पुढे ती व्हॉट्सॲपवर फिरली. दर खेपेला आणखी थोडं गेलं. आता नातू येतो आणि म्हणतो, आजोबांचं लग्न फोर-के करून द्या. अण्णा स्क्रीनवरच्या नवरदेवाकडे बघतात. "नाक २००३ लाच गेलंय. आता कुठून आणू?"

त्यात जुनं चित्र चारास तीन आणि टीव्ही सोळास नऊ. ताणून बसवलं की सगळं वऱ्हाड आडवं फुगतं. अण्णा ताणत नाहीत, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडतात. मग गिऱ्हाईक भांडतं, "आमची बाजू कापलीय." ताणून दाखवलं तर मावशी भांडतात, "आम्ही तवा एवढ्या जाड होतो व्हय?"

कॅसेट उतरवायला ती जेवढी लांब तेवढाच वेळ लागतो. तीन तासांची कॅसेट तीन तास चालवावी लागते, आणि दोन तास चाळीस मिनिटांवर लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे जिल्ह्यातली निम्मी लग्नं अण्णांनी बसून पाहिलेली आहेत, काही दोनदा. आठवडी बाजारात अनोळखी माणसाला थांबवून म्हणतात, "९४ ला येरमाळ्याच्या लग्नात निळी सफारी तुमचीच ना? वरातीत चप्पल तुटली होती." कुठला जावई मानपानावरून रुसला, कुणाच्या आहेरातलं पातळ पुढच्या कुणाच्या लग्नात दुसऱ्याला गेलं, सगळं पाठ. अशा माणसाला सोयरे जपूनच असतात.

सगळं करतील, एक काम करणार नाहीत. पंगत कापून देत नाहीत. जुन्या शूटिंगमध्ये पंगत अर्धा-अर्धा तास चालते. कॅमेरा एकेका पत्रावळीवरून सरकतो, माणसं तोंडात घास धरून लाजतात. प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं, तेवढं काढा. "पंगत कापायची न्हाई. दुसरीकडं जावा." मला वाटायचं, कापण्याचा कंटाळा.

कारण त्यांच्या पोऱ्यानं सांगितलं. उमरग्याकडच्या एका म्हाताऱ्यानं कॅसेट आणली होती, १९९३च्या उन्हाळ्यातल्या लग्नाची. टेपवर पांढरी बुरशी. त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं अंगावर आली. गाव पुढे दुसऱ्या जागी वसलं. म्हाताऱ्याला नवरानवरी नको होती, अक्षता नको होत्या. म्हणाला, "तेवढी पंगत द्या." त्या ओळीत त्याचं निम्मं घर जेवायला बसलं होतं, आणि माळवदावर बाया बघत उभ्या होत्या. अण्णांनी टेप हातानं पुसून काढली, व्हीसीआरचं हेड पुन्हा पुन्हा साफ केलं, आणि पैसे घेतले नाहीत. हे अण्णा स्वतः कधी सांगत नाहीत. नको तिथे एवढं बोलणारा माणूस.

त्यांच्याबद्दल याहून चांगलं मी लिहिणार नाही. माझी कॅसेट त्यांनी पावसाळ्यात घेतली आणि थंडीत परत दिली, प्रवचनासकट.

व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीनं, जपानच्या फुनाईनं, जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. अण्णांकडचा भंगारातल्या सुट्या भागांवर चालतो, आणि ते भागही आता मिळेनासे झालेत. माळ्यावर कॅसेट असेल तर या दिवाळीच्या आत काढा, कोरड्या कपड्यात गुंडाळा आणि तुमच्या गावच्या अण्णांकडे द्या. तीन तास मोकळे ठेवून जा.