केटरर आमचाच

मंगल कार्यालय बघायला गेलेल्या वधूपित्याला एक वाक्य हमखास ऐकावं लागतं: 'केटरर आमचाच.' बाहेरचा आणा की, आम्ही कुठे नाही म्हणतो, फक्त रॉयल्टी भरा. आचारी तुमचा, गॅस तुमचा, पोळ्या लाटणाऱ्या बायका तुमच्या. कार्यालयाची त्या जेवणात भर काय, तर परवानगी.

गुगलने हाच धंदा फोनमध्ये थाटला आणि भारतात त्याची जाहीर भांडणं झाली ती, योगायोग बघा, लग्नं जमवणाऱ्यांशीच. १ मार्च २०२४ रोजी, लग्नसराईच्या तोंडावर, प्ले स्टोअरवरून शादी डॉट कॉम, भारत मॅट्रिमनी अशी अ‍ॅप्स गायब झाली. सोबत नोकरी डॉट कॉमही गेलं. म्हणजे स्थळही नाही आणि स्थळाला विचारायची नोकरीही नाही. गुन्हा एकच, गुगलच्या म्हणण्याप्रमाणे सेवाशुल्क थकवलं.

हे शुल्क १५ ते ३० टक्के. अ‍ॅपवरून भाजी मागवा, रिक्षा बोलवा, गुगल हिस्सा मागत नाही. पण उपवर मुलांचे बायोडेटा बघायचं सदस्यत्व घेतलंत, की मागतं. कारण ती 'डिजिटल सेवा'. पूर्वी तर पैसेही गुगलच्याच गल्ल्यातून घ्यायची सक्ती होती. स्पर्धा आयोगाने २५ ऑक्टोबर २०२२ रोजी त्यावरून ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड ठोकला. ही सक्ती यूट्यूबला नव्हती, हेही आयोगाने नोंदवलं. घरची पंगत!

मग गुगल उदार झालं. दुसऱ्याकडून पैसे घेण्याची मुभा दिली आणि शुल्क चार टक्क्यांनी उतरवलं: ११ ते २६. वर त्या दुसऱ्यालाही त्याचे पैसे द्यायचेच. रॉयल्टी म्हणतात ती हीच.

गुगलचा युक्तिवाद ऐकण्यासारखा होता. भारतात दोन लाखांहून जास्त विकासक प्ले स्टोअर वापरतात, कुरकुर फक्त दहा कंपन्यांची. वा! पण शुल्क लागू होतं जेमतेम तीन टक्क्यांना, हेही गुगलच सांगतं. ज्यांना दमडी भरायची नाही त्यांचं मौन संमतीत धरलं, तर प्रत्येक कर लोकप्रियच ठरेल. राहिले साधारण सहा हजार. त्यांतल्या कितीजणांना मद्रास उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वकील परवडतो? त्या दहांना परवडला, तरी ९ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात अंतरिम संरक्षण नाकारलंच गेलं.

पटत नसेल तर सोडून जा, असंही सांगणारे भेटतात. देशातले शंभरातले नव्वदहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात. जायचं कुठे? गावात कार्यालय एकच असलं की मालकाला आवाज चढवावा लागत नाही. तो फक्त किल्ली खिशात घालतो.

कोर्टात जे जमलं नाही ते एका शनिवारी जमलं. २ मार्चला केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव म्हणाले, अ‍ॅप्स काढणं चालू देता येणार नाही. दोन-तीन दिवसांत बोलणी झाली, अ‍ॅप्स परतली. तेव्हा आनंदाचे पेढे वाटणाऱ्यांनी बारीक अक्षरातला मजकूरही वाचायला हवा होता: परत आली ती तात्पुरती, आणि शुल्काची बिलं पूर्वीसारखीच पाठवली जाणार होती. भरण्याची मुदत तेवढी वाढली.

शादी डॉट कॉमचं अ‍ॅप उडालं की दिल्लीत फोन खणखणतात. सांगलीच्या एखाद्या पोराने स्पर्धा परीक्षांच्या सरावाचं अ‍ॅप काढलं आणि ते उडालं, तर त्याच्या वाट्याला येतो तो 'धोरणाचं उल्लंघन' सांगणारा आपोआप सुटलेला ईमेल. नियम गुगलचा, फिर्याद गुगलची, निकाल गुगलचा. अपिलाचा फॉर्मही गुगलचाच.

अपील गुगललाही करावं लागलं, पण खऱ्या न्यायाधिकरणात. मार्च २०२५ मध्ये तिथे वर्चस्वाच्या गैरवापराचा ठपका काही अंशी कायम राहिला आणि दंड ९३६.४४ कोटींवरून २१६.६९ कोटींवर आला. सूट झाली सत्याहत्तर टक्के. अ‍ॅपवाल्यांना मिळालेली सूट विक्रीच्या शंभर रुपयांमागे चार.