सोडायचं, पण कुणाच्या भरवशावर?

समोर आलेलं जनावर टिपावं, की आणखी मोठ्याची वाट पाहत थांबावं? अमेरिकेतल्या हरणाच्या शिकाऱ्याला दर हंगामात हा प्रश्न पडतो. परवान्याबरोबर त्याला एक चिठ्ठी मिळते. मारलेल्या हरणाला ती बांधली की त्या परवान्यावरची शिकार संपली. म्हणून छोटं हरीण समोरून जाऊ देऊन तो मोठ्या शिंगांसाठी ताटकळत बसतो.

बुलढाण्याला याच्याशी काय देणंघेणं, असं कुणी म्हणेल. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं इथली शिकार कधीच बंद केली. पण हा प्रश्न आपल्या माळरानाला नवा नाही. त्याचं उत्तर ज्यांच्या वाडवडिलांनी शोधलं होतं, ती माणसं आजही आपल्या गावांच्या कडेला, पालात नाहीतर बेड्यावर राहतात. फासेपारधी.

त्यांची शिकार बंदुकीची नव्हती. खुंट्यांना बांधलेले फास माळावर ओळीनं मांडायचे, शिकवलेल्या गुराच्या आडोशानं कळपाजवळ सरकायचं आणि काळविटांना हळूहळू फाशांकडे वळवायचं. फाशात जनावर जिवंत सापडतं, त्यामुळे ठेवायचं की सोडायचं हे ठरवायला वेळ मिळतो. आणि फासेपारधी सोडत असत. गाभण मादी सोडायचे, पाडस सोडायचे. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींचा अभ्यास करताना ही रीत नोंदवून ठेवली आहे.

हे सोडणारे लोक कोण होते, तेही लक्षात घ्या. इंग्रजांनी त्यांच्यावर गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला. 1952 साली तो कायदा गेला, तरी पोलिसांचा ससेमिरा सुटला नाही. ज्यांच्या चुलीवर रात्री काय शिजेल याची खात्री नव्हती, ते हातात आलेलं मांस सोडून देत होते. मोठ्या शिंगांसाठी थांबणाऱ्यापेक्षा हे थांबणं मला फार मोठं वाटतं. पुढच्या वर्षी माळावर हरीण असलं पाहिजे, एवढाच त्याचा हिशेब होता.

पण नुसत्या चांगुलपणावर अशी रीत टिकत नाही. गाडगीळ-मल्होत्रांच्या अभ्यासातला सर्वांत मोलाचा भाग मला इथं दिसतो. एकाच मुलखात फिरणाऱ्या जमातींनी शिकार वाटून घेतली होती. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्यामागे जात. वैदू मुंगूस, रानमांजर, कासव, खेकडे यांच्यावर जगत. हरणं आणि पाखरं फासेपारध्यांची. फासेपारध्यानं सोडलेली मादी दुसरा कुणी पळवणार नाही, याचा भरवसा या वाटणीत होता. त्या भरवशावर तो सोडू शकत होता.

मग माळावर बाहेरच्या लोकांच्या जीपगाड्या आणि बंदुका आल्या. त्यांना ना वाटणी ठाऊक, ना गाभण मादीची पर्वा. काळवीट झपाट्यानं घटलं आणि फासेपारध्यांची सोडण्याची रीतही मोडली. सोडलेलं हरीण सकाळी जीपमध्येच जाणार असेल, तर कुणी का सोडावं? त्यांना यासाठी दोष देणाऱ्याशी माझं भांडण आहे. भरवसा मोडला तो जीपवाल्यांनी. 1972 च्या कायद्यानं मात्र जीपवाला आणि फासेवाला यांना एकाच रांगेत उभं केलं. जीपवाल्याचा छंद गेला, फासेवाल्याची भाकरी गेली. कायदा हवाच होता. त्याबरोबर या माणसांना दुसरी भाकरी द्यायची होती, ती आपण दिली नाही.

आता आजच्या वावरात या. ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. तुरीला शेंगा धरल्या, हरभरा घाट्यावर आला, की जागल सुरू. रोह्यांचा कळप एका रात्रीत उभं पीक तुडवून जातो. रानडुकरं मका झोपवतात. थंडीत रात्र रात्र मचाणावर बसणाऱ्या या माणसाला ‘वन्यजीव आपली संपत्ती आहेत’ हे वाक्य ऐकवू नये. संपत्ती सगळ्यांची आणि जागल एकट्याची, हा न्याय नव्हे.

पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायची परवानगी कायद्याच्या कलम 11 मध्ये आहे. महाराष्ट्र सरकारनं 2015 साली रोही आणि रानडुकरासाठी तशी वाटही मोकळी केली. पण परवाना कागदावर मिळाला तरी बंदूक कुठून आणायची? आणि परवाना आहे, बंदूकही आहे, समोर कळप उभा आहे, तर गोळी कुणावर झाडायची?

हा प्रश्न आपल्याकडे कुणी धड विचारतच नाही. मोठा, शिंगांचा, निळसर नर आधी नजरेत भरतो. तो पाडला तरी कळप कमी होत नाही, कारण एक नर अनेक माद्यांना पुरतो. रोहीची मादी आठ महिन्यांनी विते आणि पुष्कळदा जुळी देते. डुकरीण चार महिन्यांच्या आत विते आणि एका विणीत चार-सहा पिल्लं सहज देते. संख्या कमी करायची असेल तर माद्या मारायला लागतात. ऐकायला हे कठोर आहे, मलाही आहे, पण अमेरिकेतसुद्धा हरणं फार झाली तिथं माद्यांसाठी वेगळे परवाने देतात. फासेपारध्याला पुढच्या वर्षी हरीण हवं होतं, म्हणून तो मादी सोडायचा. शेतकऱ्याला पुढच्या वर्षी रोही नको आहे. अभयारण्याच्या आत मात्र तीच रोही वाघ-बिबट्याचं अन्न आहे. म्हणजे कुठल्या शिवारात कोणतं जनावर मारायचं आणि कोणतं राखायचं, हे जागा पाहून ठरवावं लागेल. ते ठरवायला जनावर ओळखणारा माणूस लागेल.

तो नसतो, तेव्हा तारेत वीज सोडली जाते. सौर झटका मशीनचं मी बोलत नाही, ते जनावराला हाकलतं. थेट खांबावरून ओढलेली वीज मारते, आणि तिला नर, मादी, पाडस, माणूस काही कळत नाही. 2017 साली नागभीडकडे श्रीनिवास नावाचा तरणा वाघ, प्रसिद्ध ‘जय’चा बछडा, अशाच तारेत गेला. 2019 साली टिपेश्वरहून निघालेला ‘वॉकर’ वाघ सुमारे 3 हजार किलोमीटर चालला आणि ज्ञानगंगेत येऊन राहिला. यवतमाळ, तेलंगण, हिंगोली, वाशीम, किती शिवारं त्यानं ओलांडली! वाटेतली एक तार पुरली असती.

2025 साली मध्य प्रदेशानं शाजापूरकडच्या शेतांतून 800 हून अधिक काळवीट आणि काही डझन रोही जिवंत पकडून अभयारण्यांत हलवले. दक्षिण आफ्रिकेतले तज्ज्ञ आले, हेलिकॉप्टर आलं. नरसाळ्यासारखं कुंपण उभारून कळप त्यात वळवत नेला. काम चांगलं झालं, त्याबद्दल त्या राज्याचं कौतुकच करतो. पण कळपाला न बिथरवता हव्या त्या दिशेला वळवणं ही फासेपारध्यांची पिढ्यानपिढ्यांची विद्या आहे. ती येणारी म्हातारी माणसं आपल्या जिल्ह्यात, अकोल्यात, वाशीमला अजून आहेत. त्यांचे नातू मात्र मजुरीला जातात.

कलम 11 नीट वाचा. ठरावीक क्षेत्रातल्या ठरावीक जनावराची परवानगी ‘कोणत्याही व्यक्तीला’ देता येते, असं ते म्हणतं. ती व्यक्ती बंदूकवाला पाहुणा असलीच पाहिजे असं नाही. वनखात्यानं तालुक्यागणिक फासेपारध्यांची पथकं पगारावर नेमावीत. कळप मोजायचा, माद्या किती, गाभण किती, वाट कोणती, हे त्यांनी सांगावं. पकडून हलवता येईल तिथं पकडण्यात त्यांचा हात असावा. मारणं टळतच नसेल तिथं कोणतं जनावर, हे त्यांच्या सल्ल्यानं ठरावं. मारलेलं जनावर कलम 39 प्रमाणे सरकारचंच राहतं, तेव्हा मांसाच्या मोहाची भीती दाखवून या माणसांना बाहेर ठेवायचं कारण उरत नाही.

ज्ञानगंगेतल्या बोथा घाटाच्या दोन्ही बाजूंच्या ग्रामपंचायतींनी तुरीला फूल येण्याआधी ग्रामसभेत हा ठराव घ्यावा आणि बुलढाण्याच्या उपवनसंरक्षकांकडे पोचवावा. ठरावात पथकाचा पगार लिहावा. आणि तो लिहिताना पारधी बेड्यावरची माणसं ग्रामसभेत बसलेली असावीत.