सिंहही मीच करतो

भूमिका वाटायला बसलं की पहिल्या पाच मिनिटांत हा माणूस ओळखू येतो. दिग्दर्शकाने 'नायक' म्हणताच तो नुसती मान हलवतो. ते त्याने धरूनच ठेवलेलं असतं. 'नायिका' म्हटल्यावर घसा खाकरतो आणि "आवाज बारीक काढू का?" असं विचारतो. 'सिंह' म्हटल्यावर मात्र उभाच राहतो. सिंहाला वाक्य एकही नाही, नुसती डरकाळी आहे, हे कळल्यावर त्याचा उत्साह दुणावतो. पाठांतराची कटकट गेली, आणि डरकाळी किती वेळ मारायची हे लेखकाने कुठे लिहिलेलं नाही.

पेणला हा माणूस बहुधा गणपतीच्या कारखान्यात असतो आणि त्याला सगळे काका म्हणतात. रोह्याला तो धाटावच्या एमआयडीसीत असतो, तालमी बुडू नयेत म्हणून साहेबाच्या मागे लागून जनरल शिफ्ट घेतलेला, आणि त्याला भाऊ म्हणतात. नागोठण्यालाही एक असतो. तो गाडीत भेटतो. यांच्यापैकी कुणालाही "तुम्ही नाटकात काम करता का?" असं सहज म्हणूनसुद्धा विचारू नये. "थोडंफार," असं म्हणून तो सुरू होतो, आणि रोहा-दिवा गाडीत तुम्हाला पेणला उतरायचं असेल तर हमरापूर येतं.

शेक्सपियरने या माणसाची नोंद १५९५-९६च्या सुमारास करून ठेवली आहे. 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' या नाटकात अथेन्सच्या अधिपतीचं लग्न असतं आणि त्या निमित्ताने गावातले सहा कारागीर एक नाटक बसवायला घेतात. दोन सुतारकाम करणारे, एक शिंपी, एक भाते दुरुस्त करणारा, एक भांडी सांधणारा आणि निक बॉटम नावाचा एक विणकर. म्हणजे आपली हौशी रंगभूमीच. जागा नाही, पैसा नाही, कामधंदा आटोपून रात्री जमायचं, आणि एकाच्याच अंगात सगळं नाटक. बॉटमला नायकाचं काम मिळालेलं असतं, तरी त्याला नायिका हवी, सिंहही हवा. सिंहाला पाहून बायका घाबरतील अशी शंका निघाल्यावर तो कबुतराच्या आवाजात डरकाळी फोडायची तयारी दाखवतो. दिग्दर्शक सुतार असल्याने त्याला रंधा कुठे मारायचा ते कळतं. ही भूमिका देखण्या माणसाची आहे, ती तुझ्याशिवाय कोण करणार, असं तो म्हणतो. बॉटम विरघळतो आणि दाढी कोणत्या रंगाची लावावी यावर बोलू लागतो.

हा प्रसंग ऐकताना काका पहिल्यांदाच गंभीर होतो. दाढीच्या रंगाचा प्रश्न कुणीतरी काढला, याचं त्याला मनापासून समाधान वाटतं. "रंगावर हल्ली कुणी बोलतच नाही हो," तो म्हणतो. "गोल्डन मारा म्हणतात, झालं."

शेक्सपियरच्या या नाटकातल्यासारखा प्रेमातला घोटाळा मराठी रंगभूमीला नवा नाही. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संशयकल्लोळ' १९१६ साली संगीत होऊन आलं. त्याआधी तेच 'फाल्गुनराव' म्हणून १८९३मध्ये गद्यात होतं, त्याच्या मागे आर्थर मर्फी हा आयरिश नाटककार, आणि मर्फीच्या मागे फ्रान्सचा मोलिएर. एका तसबिरीवरून दोन जोडप्यांची झोप उडते. जादू कुठेही नाही. नवरा-बायको पुरेसे संशयी असले की परी लागत नाही. यात काकाने फाल्गुनराव केलेला असतो आणि समोरच्या कृत्तिकेची वाक्यं ओठातल्या ओठात म्हटलेली असतात, ती पहिल्या तीन रांगांना ऐकू गेलेली असतात. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती एकेकाळी गाजली. त्यात काकाला एकच त्रुटी दिसते: ती कामं दोघांनी मिळून केली.

पण काकाचं खरं नाटक अथेन्सचंच. त्यात पऱ्यांचा राजा ओबेरॉन एका फुलाचा रस झोपलेल्यांच्या पापण्यांवर घालायला लावतो. जाग आल्यावर जो पहिला दिसेल त्याच्यावर जीव जडायचा. रस घालायला पक नावाचा खोडकर पोरगा पाठवतात, तो भलत्याच तरुणाच्या डोळ्यांत घालतो, आणि रात्रभर रानात कोण कुणाच्या मागे धावतंय याचा पत्ता राहत नाही. कालपर्यंत जिच्या मागे दोघे होते ती एकटी पडते, आणि जिला कुणी विचारत नव्हतं तिच्या मागे दोघे लागतात. ही आपली चेष्टा चालली आहे असंच तिला वाटतं, जे वाटणं अगदी बरोबर आहे. या सगळ्यावर प्राध्यापक मंडळी प्रेमाच्या आंधळेपणाविषयी बोलतात. काका बोलतो ते कारखान्यातून.

काका आखणी करतो. गणपतीचा साचा एकाचा, घासकाम दुसऱ्याचं, अंगाचा रंग तिसऱ्याचा, पण डोळे काढायचे ते काकाने. आखणी चालू असली की कारखान्यातला रेडिओ बारीक होतो. बाकी कुठे चुकलं तर वरून हात मारता येतो. बुबुळ केसभर सरकलं की देव भक्ताकडे न बघता शेजारच्या टीव्हीकडे बघू लागतो, आणि गिऱ्हाईक दहा दिवस बेचैन. त्यामुळे शेक्सपियरच्या घोटाळ्याचं निदान काका दोन वाक्यांत करतो. "चूक मालकाची आहे. डोळ्याचं काम पोऱ्यावर सोपवतात का?"

इतकं नेमकं निदान मी कुठल्याही प्रस्तावनेत वाचलेलं नाही.

पुढे पक बॉटमच्या मानेवर गाढवाचं डोकं बसवतो. सोबतचे कारागीर किंचाळत पळतात. इथे मात्र पेणचा प्रेक्षक अथेन्सच्या प्रेक्षकाहून वेगळा आहे. माणूस आपल्या डोक्याने गेला आणि जनावराच्या डोक्याने परत आला, यात त्याला पळून जाण्यासारखं काही वाटत नाही. धड एकाचं आणि शिर दुसऱ्याचं, याच गोष्टीवर सगळ्या गावाचं पोट चालतं. हमरापूर-जोह्याच्या बाजूला तर कारखान्याला कारखाना लागून आहे. डोकं बदललं म्हणजे बढती झाली, अशी इथली साधी समजूत.

ते डोकं काका स्वतःच करतो, कागदाच्या लगद्याचं. पण हाताला जन्माची सवय. कान सुपाएवढे होतात. नाकाडाला उगाच डावीकडे बाक येतो. कपाळावर गंध रेखायला कुंचला उचलतो तेव्हा दिग्दर्शक धावत येऊन मनगट धरतो. नाटक झाल्यावरही ते डोकं कारखान्याच्या फळीवर कच्च्या मूर्तींच्या रांगेत असतं. मुंबईहून आलेलं एखादं कुटुंब त्याच्यासमोर थबकतं, बाई नकळत हात जोडतात आणि किंमत विचारतात. "ते बुक आहे," काका सांगतो.

गाढवाच्या डोक्याचा हा बॉटम डोळ्यांत रस घातलेल्या परीराणी टिटानियाला दिसतो आणि ती त्याच्यावर भाळते. तिच्या दिमतीला असलेल्या पऱ्यांची नावं वाटाण्याचं फूल, कोळिष्टक, पतंग आणि मोहरी. दुसरा कुणी असता तर दातखीळ बसली असती. बॉटम एकेकीची अदबीने चौकशी करतो, बोट कापलं तर उपयोगी पडा म्हणून कोळिष्टकाला सांगतो, मोहरीच्या घराण्याने आपल्या डोळ्यांतून किती पाणी काढलंय तेही ऐकवतो, आणि मग खायला वाळलेले वाटाणे मागतो. आपल्यावर एक राणी भाळली याचं त्याला जराही आश्चर्य वाटत नाही. काकालाही वाटत नाही. उशीर का झाला, एवढंच तो विचारेल. फक्त वाटाण्याऐवजी तो पोपटी मागतो. तालमी थंडीत होत असल्याने मागच्या शेतात भांबुर्ड्याचा पाला घालून मडकं रचलेलं असतंच. वालाच्या शेंगांचा वास आला की नायक मरायच्या आधीच तालीम संपते.

रान कसं दाखवायचं हा प्रश्न निघाला की रोह्याचा भाऊ पुढे सरसावतो. रान म्हणजे फणसाड. रोहा आणि मुरूड तालुक्यांत पसरलेलं, १९८६ साली अभयारण्य झालेलं. पऱ्या म्हणजे पाण्याकाठच्या साती आसरा. आणि पक म्हणजे चकवा, जो लागला की माणूस पहाटेपर्यंत एकाच बांधाला वळसे घालत राहतो. (हे काम हल्ली मुंबई-गोवा महामार्गाने आपल्याकडे घेतलं आहे. पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि तेव्हापासून वडखळला कुणाला कुठे वळवतील हे पकलाही सांगता यायचं नाही.)

भाऊ एवढ्यावर थांबत नाही. ओबेरॉन आणि टिटानिया यांचं मुळात भांडण का? एका हिंदुस्थानी पोरावरून. पोराची आई टिटानियाची भक्त. दोघी समुद्रकाठच्या वाळूत बसून व्यापारी गलबतांची शिडं बघत हसायच्या, असं नाटकात आहे. आता वाळू, मसाल्याचा वास आणि परदेशी गलबतं हे त्या काळी एकत्र कुठे होतं? चौलला. राल्फ फिच हा इंग्रज व्यापारी १५८३मध्ये चौल बघून गेला, १५९१मध्ये लंडनला परतला आणि चार-पाच वर्षांत हे नाटक आलं. फिच लंडनहून ज्या 'टायगर' जहाजाने निघाला त्या नावाचं जहाज पुढे 'मॅकबेथ'मध्येही येतं. कुंडलिका रोह्यावरून वाहत जाऊन रेवदंड्याला समुद्राला मिळते आणि चौल त्याला लागूनच. तेव्हा पोरगा आमच्या नदीवरचा. पुरावा मागितला तर भाऊ दुखावतो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख ज्या गावात वाढले, त्या गावच्या माणसाच्या हिशोबावर शंका घेणारे तुम्ही कोण? मला विचाराल तर फिच आणि शेक्सपियर यांची गाठ भाऊनेच घालून दिली आहे, पण गाठ सुबक आहे.

२००६ साली टिम सपल या इंग्रज दिग्दर्शकाने हेच नाटक भारत आणि श्रीलंकेतले कलावंत घेऊन अनेक भाषांत केलं, त्यांत मराठीही होती. ही बातमी काकाला आणि भाऊला वेगवेगळी सांगून बघितली. दोघांचं उत्तर अक्षरशः एक आलं: "आम्हाला कुणी कळवलं नाही."

एका नाटकात असे दोघे मावत नाहीत. म्हणून भाऊला भिंत देतात. कारागिरांच्या नाटकात प्रेमी जोडप्याच्या मधली भिंत हेही एक पात्र आहे. दोन बोटं फाकवून फट दाखवायची, त्यातून प्रेमिकांनी कुजबुजायचं. शेक्सपियरची भिंत काम झाल्यावर तसं सांगून निघून जाते. भाऊ जात नाही. पुढे सिंह येतो, कंदील घेऊन चंद्र येतो, नायक येतो, तरी भिंत उभीच, आणि चेहऱ्यावर हावभाव. नायक झालेला काका पोटात तलवार खुपसून घेतो, नीट पडायला जागा शोधतो, आणि ती नेमकी भिंतीच्या पायाशी सापडते. मागच्या रांगेतलं पोरगं शीळ घालतं. काका ती वन्स मोअर समजतो, उठतो, तलवार पुसतो आणि पुन्हा मरतो. दुसऱ्या मरणाच्या वेळी भिंतीच्या डोळ्यांत पाणी असतं. लोकांना वाटतं अभिनय. काकाचा पाय भाऊच्या पायावर असतो.

या धांदलीत खरं प्रेम कुठे चालू आहे ते काकाला कधी दिसत नाही. पेणचा मुलगा, रोह्याची मुलगी, एक गाडीने येणार, दुसरा स्टेशनवर उभा. प्रॉम्प्टरला माहीत, चहावाल्याला माहीत, चंद्राचा कंदील धरणाऱ्या शाळकरी पोरालाही माहीत. काका मात्र त्या मुलाला बाजूला घेऊन सांगतो, "तुझ्या डोळ्यांत प्रेम दिसत नाही. मी आखून देऊ का?" नाटक होऊन जातं, तरी मुलगी घरी 'तालीम आहे' असं सांगून निघतच असते. ही गोष्ट भाऊकडून काकाच्या कानावर येते आणि काका पेटतो. तालीम चालू आहे आणि मला बोलावलं नाही? तो तडक रोह्याला जाऊन मुलीच्या आईकडे तक्रार करतो. "कसली तालीम?" आई विचारते. काका तिला सविस्तर सांगतो: कोण येतं, कोण न्यायला जातं, कुठल्या गाडीने.

पकने एका रात्रीत केला नसेल एवढा गोंधळ पुढच्या आठवड्यात होतो. निस्तरायला दोन्ही घरांच्या ओळखीचा माणूस लागतो, तो अर्थात काका. बोलणी करायला तो मुलाकडून बसतो. मुलीचे वडील मितभाषी. ती बाजू पडते आहे असं वाटून तो मध्येच तिकडूनही बोलायला लागतो, मग इकडे येऊन त्याला उत्तर देतो. हॉलचं भाडं निम्मं-निम्मं, हे त्याने असंच स्वतःशी घासाघीस करून ठरवलं. दोन्हीकडच्यांनी उगाच फार ताणून धरलं, असं तो अजून म्हणतो.