मिसळमामा

प्रत्येक नाशिककर घराला एक मिसळमामा असतो. तो आईचा सख्खा भाऊच असला पाहिजे असं नाही. शेजारचे निवृत्त बँकवाले चालतात, मित्राचे सासरेही चालतात. घरी पाहुणा उतरल्याची खबर त्यांना कोण देतं, देव जाणे. रविवारी सकाळी साडेसातला स्कूटरचा हॉर्न. "उठला का रे? चल. पोहे-बिहे काही खाऊ नकोस." फोडणीत पडलेले पोहे मग घरच्यांनी दुपारपर्यंत संपवायचे.

मामांचा सगळा भूगोल मिसळीवर बेतलेला. चुलीवरची हवी तर साधना, सातपूरला श्यामसुंदर, काळा रस्सा म्हणाल तर पंचवटीत अंबिका. रामकुंडाचा पत्तासुद्धा ते कुठल्या तरी मिसळीच्या अलीकडे-पलीकडे करूनच सांगतात. पुण्यात मिसळीत पोहे घालतात, याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं. कोल्हापूरबद्दल आदरानं बोलतात, पण "तो स्लाइस ब्रेड तेवढा..." म्हणून वाक्य अर्धवट सोडतात.

ताट येतं. मटकी, फरसाण, शेव, बाजूला कांदा, लिंबू, दही, पापड. पाहुण्याचा हात पावाकडे वळला की मामा तो वाटेतच अडवतात. आधी नुसत्या रश्श्याचा एक चमचा. मग लिंबू. मग फरसाण बुडवायचं, पण भिजू द्यायचं नाही. पापड वरून चुरायचा की वेगळा खायचा, यावर मामा-मामींचं लग्नापासून एकमत नाही. तेवढ्यात रश्श्याची बादली फिरते. "ओत. अजून ओत. तर्री येऊ दे, नुसतं पाणी नको!"

असंच एकदा इंग्लंडहून आलेला भाचा डोळे पुसत म्हणाला, "मामा, तुम्ही तिकडं आलात की फिश अँड चिप्सच्या दुकानात नेतो. अशीच रांग, असाच तळणाचा वास."

मामांनी रीतसर चौकशी केली. मासा पिठात बुडवून तळायचा. जोडीला बटाटा, वर व्हिनेगर. घोटलेला वाटाणा आणि करी सॉसही मिळतो. दुसऱ्या महायुद्धात लोणी, साखर, मटण सगळं रेशनवर गेलं, पण सरकारनं फिश अँड चिप्सला हात लावला नाही. हे ऐकून मामांना इंग्रजांबद्दल आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

"म्हणजे बघ," ते बोटांवर मोजत म्हणाले, "तळण आहे, आंबट आहे, कडधान्य आहे, रस्सा आहे. मिसळच करायला निघाली होती बिचारी. मटकी मिळाली नाही म्हणून मासा घातला. बरं, रस्सा परत मागितला तर देतात ना?"

"त्याचे वेगळे पैसे पडतात."

"आणि यांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं!"

तेव्हा नाशिकला याल तर बिल द्यायला धडपडू नका, मामा आधीच गल्ल्यावर पोचलेले असतात. पोटात जिलबीपुरती जागा मात्र ठेवा. तिथं नाही म्हणायची सोय नाही.