हर्षद संख्येचा पत्ता

पूर्णांकांचे जे असंख्य गुणधर्म आजवर शोधले गेले, त्यांपैकी टपाल वाटण्याच्या कामी येणारा एकही नाही, हे प्रारंभीच मान्य करणे इष्ट ठरेल; तथापि संस्कृत कवी असलेले टपाल अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ पासून गावोगावच्या टपाल कचेऱ्यांना सहा अंकी पिनकोड मिळाले आणि त्या संख्यांचे गुणदोषही गावांच्या पदरी पडले.

हे गुणदोष पारखण्याची एक कसोटी देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी दिली आहे. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, म्हणजे बाकी शून्य उरते, तिला त्यांनी ‘हर्षद’, अर्थात हर्ष देणारी, असे नाव दिले. चंद्रपूरच्या ४४२४०१ या संख्येतील अंकांची बेरीज १५ होते, परंतु तिचे मूळ अवयव ३, ३१, ६७ आणि ७१ असून त्यांत पाचाचा पत्ताच नसल्याने भागाकारात सहा बाकी राहतात. मुख्यालयाच्या गावी काहीतरी बाकी असायचेच, अशी समजूत करून घेता येते. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळ्या निघालेल्या गडचिरोलीने मात्र या बाबतीत थोरल्या जिल्ह्यावरही ताण केली, कारण ४४२६०५ ला २१ ने भागले असता नऊ बाकी राहतात. वरोऱ्याजवळच्या आनंदवनाकडून तरी हर्षाची अपेक्षा रास्त होती. पण ४४२९१४ ला २४ ने भागल्यावर तेथे तब्बल अठरा उरतात, तेव्हा नावातल्या आनंदाची गणिताने दखल घेतलेली नाही, हे उघड आहे.

या पार्श्वभूमीवर पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांच्या संगमावरील भामरागडचा पिनकोड, ४४२७१०, लक्षणीय ठरतो. त्याच्या अंकांची बेरीज १८ असून भागाकार २४५९५ येतो आणि बाकी काहीही राहत नाही; ज्या तालुक्याच्या मागण्यांची यादी करू जाता कागद अपुरा पडावा, तेथेच बाकी शून्य भरावी, ही गणिताची थट्टाच म्हटली पाहिजे.

अर्थात हा हर्ष संख्येचा नसून तिच्या लेखनाचा आहे, असा आक्षेप शास्त्रशुद्ध आहे. दहा बोटांच्या माणसाने दहाचा पाया धरला. बाराचा धरला असता तीच संख्या १, ९, ४, २, ४, ६ अशा अंकांनी लिहावी लागली असती, बेरीज २६ झाली असती आणि भामरागडच्याही खात्यावर आठ बाकी चढली असती. पर्लकोटेला मात्र कोणताच पाया मान्य नाही: पावसाळ्यात तिचे पाणी पुलावर चढले, की पाकिटावर हर्षद संख्या कितीही सुवाच्य लिहिलेली असो, पत्र अलीकडच्या काठावर बाकी राहते.