‘एलईडी’ नावाचा एलसीडी

दुकानात जाऊन ‘एलईडी टीव्ही दाखवा’ म्हणा. समोर येईल तो एलसीडी. पडदा तोच जुना, द्रवस्फटिकांचा. फक्त त्यामागे पूर्वी बारीक ट्यूबलाइटी असत, तिथे आता एलईडी दिवे आले. दिवा बदलला आणि कंपन्यांनी टीव्हीचंच नाव बदललं. माझ्या मते ही ग्राहकाची सरळ दिशाभूल आहे.

मग आला ‘क्यूएलईडी’. इंग्रजी ओला शेपूट जोडलं की क्यू होतो, पण ओएलईडी आणि क्यूएलईडी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. क्यूएलईडी म्हणजे पुन्हा तोच एलसीडी, मध्ये क्वांटम डॉट्सचा एक थर घातलेला. त्याने रंग खरोखर सुधारतात. या कणांच्या शोधाला २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते योग्यच होतं. पण मागचा दिवा जळतच राहतो, म्हणून अंधाराचं दृश्य राखाडी दिसतं.

ओएलईडीत मागे दिवाच नाही. फोर-के पडद्यावरचे सुमारे ८३ लाख ठिपके आपापले उजळतात आणि आपापले विझतात. काळं म्हणजे खरंच काळं. रात्री दिवे मालवून सिनेमा बघणाऱ्याने दुसरीकडे बघूच नये.

पण आपल्या किती घरांत असं चालतं? खिडक्या सताड उघड्या, वर ट्यूबलाइट, आणि सकाळपासून बातम्यांचं चॅनेल लागलेलं. कोपऱ्यातला लोगो हलत नाही, खालची लाल पट्टी जागची हटत नाही. ओएलईडीचे तेवढेच ठिपके जास्त झिजतात आणि पुढे तिथे कायमचा डाग दिसू शकतो. त्यापासून बचावाच्या सोयी आता टीव्हीतच असतात, तरी हा डाग वॉरंटीत बसतो का, हे लेखी विचारून घ्या. अशा घराला मिनी-एलईडी बरा. त्यात मागे छोटे छोटे पुष्कळ दिवे असतात आणि ते गटागटाने मंद होतात. गट किती, हा प्रश्न विचाराच. कमी असतील तर काळ्या आभाळातल्या चंद्राभोवती खळं पडतं.

आणखी एक गोष्ट खोक्यावर सहसा छापलेली नसते. एलसीडी पडदे मुख्यतः दोन जातींचे. ‘व्हीए’ समोरून गडद दिसतो, बाजूने फिकटतो. ‘आयपीएस’ बाजूनेही बरा दिसतो, पण त्याचा काळा कच्चा. घरात टीव्हीच्या बरोबर समोर दोघंच बसतात. आजी दिवाणावर कडेला असते. तिच्या जागेवरून काय दिसेल, ते दुकानात बाजूला उभं राहून पाहा.

२२ सप्टेंबर २०२५पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला. ते पैसे दहा इंच वाढवण्यात घालू नका, चांगल्या पडद्यात घाला.

दुकानात लावलेली फुलपाखरं आणि रंगीत मासे मुद्दाम दुकानासाठीच चित्रित केलेले असतात, आणि टीव्हीही सगळ्यात भडक मोडवर ठेवलेला असतो. तो ‘सिनेमा’ मोडवर घ्यायला सांगा. सेट-टॉप बॉक्स जोडून तुमच्या घरी रोज लागतं तेच चॅनेल दहा मिनिटं पाहा. दुकानदार तयार नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.